गाळणी कुठे आहे?

सकाळचे पावणेसहा. ठाण्यातला आमचा फ्लॅट. हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर मोठ्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान झोपलेले. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, कारण बिल्डरने 'ओपन किचन' या नावाखाली दाराचा खर्च वाचवलेला. ट्यूब लावली तर उजेड थेट त्यांच्या डोळ्यांवर, म्हणून मी मोबाइलच्या उजेडात मिरच्या चिरते आहे. ओल्या नारळाची चटणी करायची असं रात्री ठरवलं होतं, पण मिक्सर लावणार कसा? नारळ खवलेला तसाच वाटीत पडून आहे. सासर अकोल्याचं, त्यामुळे पोहे म्हणजे आलूपोहे. बटाटे चिरून झालेत, पोहे भिजवून निथळत ठेवलेत आणि आता फोडणीतली मोहरी तडतडेल या कल्पनेनंच मी दचकते आहे. साडेसातला पाहुणे 'उठले'. साडेआठला सगळ्यांच्या बशा रिकाम्या झाल्या आणि नऊच्या ऑफिससाठी मी पावणेनऊला, न खाता, रिक्षाच्या रांगेत उभी होते.

ही झाली माझी बाजू. नणंदबाईंची बाजू मला कळली तीन वर्षांनी, एका लग्नाच्या गडबडीत भाजी निवडताना. त्या सहज म्हणाल्या, "अगं, मला पाचलाच जाग येते. आणि जाग आली की चहाची तल्लफ. पण तुझ्याकडे आले की तू आधीच कामाला लागलेली दिसायचीस. म्हटलं, मी उठले तर हिची आणखी तारांबळ. म्हणून डोळे मिटून पडून राहायचे."

अडीच तास. एकमेकींपासून दहा-बारा फुटांवर दोन बायका, दोघी जाग्या. एकीला चहा हवा आहे आणि दुसरी चहाच्या डब्यासमोरच उभी आहे. दोघीही एकमेकींना त्रास होऊ नये म्हणून श्वास रोखून आहेत. या प्रकाराला आपण पाहुणचार म्हणतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो.

मला जे म्हणायचं आहे ते एका वाक्यात सांगता येईल. मुक्कामी पाहुण्याला सकाळी गरम नाश्ता करून घालणं हा पाहुणचाराचा कळस नाही. रात्री झोपण्याआधी त्याला स्वयंपाकघरात नेऊन चहा, साखर, दूध, गाळणी आणि लायटर कुठे आहे ते दाखवणं, हा आहे. आणि हे न करण्यामागे आपलं प्रेम जितकं आहे, त्याहून जास्त एक जुनी सवय आहे, जिची चौकशी आपण कधी केली नाही.

जेवायला येणारा पाहुणा आणि मुक्कामाला येणारा पाहुणा यांत मोठा फरक आहे. जेवायला येणाऱ्यासाठी तुम्ही तयार असता. साडी बदललेली असते, घर आवरलेलं असतं, तो दहाला निघून जातो. मुक्कामाचा पाहुणा तुम्हाला पारोसं बघतो. तुमच्या घरातली पाण्याची वेळ, गीझरची पाळी, संडासासमोरचं ताटकळणं, नवऱ्याचं पेपर कुठे आहे म्हणून ओरडणं, मुलाचं डबा नको म्हणणं हे सगळं त्याच्या समोर घडतं. घर सगळ्यांत उघडं असतं ते सकाळी, आणि नेमकं त्याच वेळी आपण त्याला हॉटेलसारखं वागवायला बघतो. रात्रीच्या जेवणाला सवड असते. सकाळच्या नाश्त्याला पाठीवर घड्याळ बसलेलं असतं.

आपली भाषाही या कामाला हलकं करून टाकते. "पोहे टाक ना पटकन." "चहा टाक." टाकणं म्हणजे काय, पत्र पेटीत टाकणं! त्या 'टाक'मध्ये कांदा चिरणं नाही, पोहे निवडणं नाही, कोथिंबीर धुणं नाही, कढई घासणं तर नाहीच नाही. आणि पाहुण्यांचं ठरलेलं उत्तर, "काही करू नकोस गं, साधं काहीतरी." साधं काहीतरी या पदार्थाची कृती मला अजून सापडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी साधी, पण साबुदाणा रात्री भिजवावा लागतो. इडली साधी, पण पीठ आदल्या दिवशी वाटावं लागतं. थालीपीठ साधं, पण भाजणी कुणीतरी आधी भाजून दळून आणलेली असते आणि तव्यापाशी शेवटचं थालीपीठ होईपर्यंत उभं राहावं लागतं. पोहे सगळ्या महाराष्ट्रात जिंकले याचं एक कारण चव असेल, पण मोठं कारण हे की आदल्या रात्री काहीही न ठरवता ते वीस मिनिटांत होतात. आपल्याकडे मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाचं नावच कांदेपोहे पडलं. परक्या माणसांसमोर घाईत, न चुकता, हसतमुखाने बशी ठेवता येते का, याचीच ती परीक्षा. पुढे जन्मभर चालू राहते.

देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या, पुरुष 97 मिनिटं. ही सरासरी जे काम करतात त्यांचीच आहे. मुळात असं काम करणाऱ्यांत बायका 81 टक्के आणि पुरुष 26 टक्के होते. 2024 च्या पाहणीत बायकांची मिनिटं 289 झाली आणि पुरुषांची 88. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली ती पुरुषांनी उचलली असं समजायचं कारण नाही, त्यांनीही नऊ वाचवली. पाहुणा आला की या 289 मध्ये भर पडते, आणि ती पडते पहाटेच्या बाजूने, कारण दिवसाची दुसरी बाजू आधीच भरलेली असते.

आता कुणी म्हणेल, अतिथी देवो भव ही आपली संस्कृती. तैत्तिरीय उपनिषदातलं हे वाक्य आई, वडील आणि आचार्यांनंतर येतं आणि शिकून घरी परतणाऱ्या शिष्याला उद्देशून आहे. म्हणजे जबाबदारी त्या मुलाची आहे. त्याच्या बायकोने पहाटे उठावं असं तिथे कुठे लिहिलेलं नाही. मनुस्मृतीत तर अतिथीची व्याख्याच एक रात्र राहणारा अशी आहे. पण पुढे लगेच हेही आहे की ब्राह्मणाच्या घरी आलेल्या इतर वर्णांच्या माणसाला अतिथी म्हणायचं नाही. दारात आलेला माणूस देव आहे की नाही हे त्याची जात बघून ठरत होतं. ही परंपरा जशीच्या तशी डोक्यावर घ्यायची असेल तर तिचं हेही ओझं घ्यावं लागेल.

आणि स्वयंपाकघराचा उंबरठा ही काही किरकोळ गोष्ट नव्हती. 1890 साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर तिथल्या मिशनऱ्यांनी जमलेल्यांपुढे चहा आणि बिस्किटं ठेवली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. टिळक आणि रानडे, दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. एक कप चहासाठी! दुसऱ्याच्या घरचा चहा पिणं ही एकेकाळी महाराष्ट्रातली सार्वजनिक बाब होती, हे यासाठी सांगितलं की आज मी नाश्त्यावर लेख लिहिते आहे म्हणून कुणी हसू नये.

तेव्हापासून आपण बराच रस्ता चाललो. अनंत हरी गद्रे यांनी सत्यनारायणाला झुणका-भाकरीचा प्रसाद ठेवून सगळ्या जातींची माणसं एका पंगतीला बसवली. हॉटेलं, कँटीन, रेल्वे, वसतिगृहं यांनी उरलेलं काम केलं. पंगत एक झाली. पण ओटा अजून एक झालेला नाही. अनेक सुशिक्षित घरांत पाहुण्याला हॉलमध्ये हवं ते मिळतं, मात्र तो पाण्याचा पेला ठेवायला आत आला की घरातल्या बाईचा चेहरा आक्रसतो. आमच्या लहानपणी देवरुखजवळच्या घरात आतल्या चुलीपर्यंत कोण जाऊ शकतं आणि कोण माजघरात थांबतं याचे अलिखित नियम होते. पाळी आलेली पाहुणी पुढच्या पडवीत बसायची आणि चहा तिला दुरून मिळायचा. ते नियम मोडले असं आपण म्हणतो. काही मोडले, काही 'अहो तुम्ही बसा हो, तुम्ही कशाला उठता' या गोड वाक्याच्या आत जाऊन बसले. बसा, म्हणजे आत येऊ नका.

परंपरेचीच गोष्ट काढायची तर नाश्ता हा प्रकार तरी किती जुना? शेतावर जाणाऱ्या घरात न्याहारी असायची. रात्रीची भाकरी, चटणी किंवा उरलेलं कालवण, कांदा, ताक. आमच्याकडे कोकणात उकड्या तांदळाची पेज, नाहीतर मऊ भात, मेतकूट, तूप आणि पोह्याचा भाजलेला पापड. रात्री उशिरा एसटीने आलेला पाहुणाही सकाळी आमच्याच रांगेत पाट मांडून तोच मऊ भात खायचा. फार तर त्याच्या भातावर तूप थोडं जास्त पडायचं आणि आम्ही मुलं ते टक लावून बघायचो. त्याच्यासाठी वेगळा पदार्थ होत नव्हता. आणि चहा? 1903 पासून निर्यातीच्या चहावर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, आणि पुढच्या काही दशकांत तो आपल्या घराघरांत शिरला. आजीच्या लहानपणी तो नव्हता, माझ्या लहानपणी तो 'पूर्वापार' होता.

मग हा पाहुण्यासाठीचा खास नाश्ता कुठून आला? माझा अंदाज असा की गॅस, फ्रिज आणि मिक्सर यांनी आपला जो वेळ वाचवला तो सगळा अपेक्षांनी खाऊन टाकला. चुलीवर सकाळी दोन पदार्थ होऊच शकत नव्हते, म्हणून कुणी मागतही नव्हतं. गॅसवर होतात, म्हणून करायला लागतात. त्यात हॉटेलातल्या फुकट म्हणवल्या जाणाऱ्या नाश्त्याची भर. तिथे इडली, पोहे, अंडं, फळं, टोस्ट अशी रांग बघून आलेला माणूस घरी पाहुणे आले की बायकोला म्हणतो, "नुसते पोहे बरे दिसतील का?" बरे दिसतील! निदान मऊ भाताला तरी दिसण्याची काळजी नव्हती.

मध्यमवर्गीय घरांत या ओझ्याची आणखी एक वाटणी झाली आहे आणि ती मला सगळ्यांत जास्त खुपते. "मावशी, उद्या पाहुणे आहेत, जरा लवकर या हं." पोळ्या करायला येणारी बाई तिच्या घरचा डबा अर्धवट टाकून सहाला हजर होते. पाहुणे तिच्या पोह्यांचं कौतुक करतात ते आमच्याकडे बघून. त्या तासाचे वेगळे पैसे किती घरं देतात? मी स्वतः कित्येक वर्षं दिले नव्हते. महिनाअखेरीला एक साडी दिली की मन मोकळं व्हायचं. आमचा पाहुणचार तिच्या झोपेतून कापलेला होता.

न्याहारीला किंमत असते हे जिथे मान्य झालं, तिथे काय होतं तेही मी पाहिलं आहे. राज्याच्या पर्यटन विभागाची 'निवास व न्याहारी' नावाची योजना आहे. राहत्या घरातल्या काही खोल्या पर्यटकांना द्यायच्या आणि सकाळी खायला घालायचं. कोकणात अशी बरीच घरं आहेत, योजनेतली आणि योजनेबाहेरची. अशाच एका घरी आम्ही गुहागरच्या बाजूला राहिलो होतो. रात्री त्या काकूंनी सरळ विचारलं, "उद्या घावणे की पोहे? आणि किती वाजता? साडेआठनंतर मी वाडीत जाते, मग मिळणार नाही." त्यात उद्धटपणा नव्हता, आर्जवही नव्हतं. आम्ही आठला हजर झालो. घावणे, नारळाचा रस आणि वर चुलीजवळ बसून गप्पा. त्या घरात मला जितकं मोकळं वाटलं तितकं सख्ख्या नात्यातल्या काही घरांतही वाटलेलं नाही, कारण काकूंच्या वेळेची किंमत सगळ्यांना ठाऊक होती आणि म्हणून कुणीच अवघडलं नव्हतं. माझं म्हणणं असं मुळीच नाही की नात्यातल्या घरात दरपत्रक लावावं. फक्त 'काय आणि किती वाजता' हे दोन प्रश्न फुकटच्या पाहुण्यालाही रात्री विचारता येतात. ते विचारल्याने प्रेम कमी होत नाही.

न विचारण्याने मात्र पुष्कळ काही होतं. माझ्या एका मैत्रिणीकडे दूरचे दीर आले. तिने हौसेने साबुदाणा भिजवला, दाणे भाजून कूट केलं. सकाळी भाऊजी म्हणाले, "मी दुपारी बारापर्यंत काही खात नाही, सोळा तासांचा उपास असतो." दुसऱ्या एकीकडे मधुमेह असलेल्या मामी होत्या. गोळी घेऊन बसल्या, आणि घरात उकडीचं काहीतरी खास करायच्या नादात दहा वाजले. मामींना घाम फुटला तेव्हा कुठे बिस्किटांचा पुडा शोधला गेला. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेणाऱ्याला लगेच चहा देऊन चालत नाही. कुणाचा सोमवार असतो, कुणाची चतुर्थी. हे सगळं पाहुण्याने आधी सांगायला हवं. पण तो सांगत नाही, कारण आपल्याकडे मागणं म्हणजे हावरटपणा आणि नको म्हणणं म्हणजे अपमान. मग उरतं काय, तर 'काहीही चालतं.' माझ्या मते 'काहीही चालतं' हे पाहुण्याच्या तोंडचं सगळ्यांत बेजबाबदार वाक्य आहे. त्यात ठरवण्याचं सगळं काम तो यजमानीणबाईंच्या पदरात टाकतो आणि नम्रतेचं श्रेय स्वतः घेतो.

आता माझ्या म्हणण्याला सगळ्यांत मोठा विरोध कुणाचा असेल, तर माझ्या आईचा. ती आता फारशी उठू शकत नाही. गेल्या वर्षी तिच्याकडे राहायला आलेल्या भाचीने चहा झाल्यावर आपली कपबशी विसळून ठेवली. आईला ते दिवसभर लागून राहिलं. "माझ्या घरी येऊन पोरीला कपबशी विसळावी लागली." मी तिला बिनपगारी श्रमांचे आकडे सांगू शकले नाही. सांगितले असते तर ती म्हणाली असती, माझं काम मोजायला तुला कुणी सांगितलं? आणि तिचं बरोबर होतं. तिच्या आयुष्यात पैशाचा, शेताचा, मुलांच्या लग्नांचा कुठलाच निर्णय तिच्या हातात नव्हता. सकाळी कुणाच्या ताटात काय पडेल हा एकच होता. ज्या बाईचं सगळं राज्य ओट्याएवढं आहे, तिला "अगं, आम्ही आमचं घेतो" असं म्हणणं म्हणजे तिच्या राज्यात शिरून सिंहासनावर बसणं. अशा घरी मी गेले तर मुकाट्याने पाटावर बसते, तिसरं घावण घेते आणि कपबशी विसळत नाही.

पण आईच्या घरात दोन काकू होत्या, आजी होती, आत्या होती. एक दळायला, एक चुलीशी, एक मुलांकडे. चार बायकांची सकाळ आता एका बाईवर आली आहे आणि तिला आठ-बाराची लोकलही पकडायची आहे. आईची रीत चुकीची नव्हती. ती चालवायला जेवढी माणसं लागत होती तेवढी आता घरात नाहीत, आणि जी आहेत त्यांतली निम्मी पेपर वाचतात.

दुसरा आक्षेप माझ्या पिढीतल्याच बायकांचा. "माझ्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी आलेलं मला चालत नाही." ओट्याचं फडकं वेगळं, भांड्यांचं वेगळं, धिरड्याच्या तव्यावर कुणी अंडं टाकलं तर? दुधाचं पातेलं झाकलं नाही तर? हे मला पटतं, कारण मीही तशीच आहे. माझ्या बिडाच्या तव्याला साबण लावणाऱ्या एका पाहुणीला मी आजतागायत मनातून माफ केलेलं नाही. म्हणून मी एक मधला मार्ग काढला आहे. ओट्याच्या कडेला एक ट्रे. त्यात चहापूड, साखर, आल्याचा तुकडा, दोन कप, खारीचा डबा, चिवडा, केळी. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दूध आणि दही. लायटर शेजारी. रात्री अंथरुणं घालून झाली की पाहुण्यांना हा ट्रे दाखवायचा आणि सांगायचं, जाग आली की चहा करून घ्या, आमच्यासाठी थांबू नका. पोहे-उपमा व्हायचा तेव्हा होईल, साडेआठला सगळे मिळून खाऊ. तव्याला हात लावू नका, एवढं मात्र मी अजूनही सांगते.

गोव्यातल्या माझ्या भावजयीला यातलं काहीच करावं लागत नाही. तिथे सकाळी सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो आणि गरम पाव, उंडे दारात देऊन जातो. जो आधी उठेल तो पाव घेतो, मग तो पाहुणा असो की घरचा. मी तिच्याकडे गेले की पाव घ्यायला मीच पळते.

आपल्याकडे म्हण आहे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. म्हण पाहुण्याला टोचून बोलते, पण त्याला उपाय सुचवत नाही. पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो तो राहतो म्हणून नाही, तिसऱ्या दिवशीही पाहुणाच राहतो म्हणून. पहिल्या सकाळी त्याने बसून खावं, माझी ना नाही. दुसऱ्या सकाळी त्याने कांदा चिरावा. तिसऱ्या सकाळी सगळ्यांचा चहा त्याच्याकडे. आषाढी वारीच्या पालख्या पुण्याला दोन दिवस मुक्कामी असतात तेव्हा बघावं. दिंडीबरोबर स्वयंपाकाच्या सामानाचा ट्रक असतो, माऊलींचं नाव घेत बाप्ये भांडी घासतात, भाज्या चिरतात. गाव त्यांना चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू आपणहून देतं, तेही ते आनंदाने घेतात. इतक्या माणसांचा मुक्काम कुणाला जड होत नाही, कारण आलेला माणूस हात बांधून बसत नाही.

आणि इथे 'तो' हे मी मुद्दाम म्हणते आहे. पाहुणी बाई असली तर ती बहुतेक वेळा पदर खोचून आत येतेच, "द्या वहिनी, मी लसूण सोलते." तिला बसवून ठेवण्यासाठी आपल्याला झटापट करावी लागते. पाहुणा पुरुष आणि यजमान पुरुष मात्र हॉलमध्ये बसून महापालिकेच्या कारभारावर बोलत असतात. यजमान हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहे आणि आमंत्रणही बहुधा तोच देतो, "या की राहायला, घर आपलंच आहे." घर आपलं आहे हे खरं, पण त्यातल्या कुठल्या कपाटात काय आहे हे त्याला माहीत नसतं. ज्याने बोलावलं त्याने सकाळचा पहिला चहा करावा, एवढा एकच नियम महाराष्ट्रातल्या घरांनी पाळला तरी मुक्कामाची आमंत्रणं जरा विचार करून दिली जातील.

चार वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत भाच्याकडे, न्यू जर्सीत एडिसनला, तीन आठवडे राहिलो. पहिल्याच रात्री त्याने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. "मावशी, चहा इथे, साखर इथे, ओट्स इथे, पोहेही आहेत. काका, हा गॅस नाही, कॉइल आहे, बंद केल्यावरही तापलेली असते. आम्ही दोघं साडेसातला निघतो." यांना दोन दिवस तो घोर अपमान वाटला. "सकाळी कुणी चहा विचारलासुद्धा नाही." तिसऱ्या दिवशी ते साडेसहाला उठून स्वतः चहा करायला लागले. पाचव्या दिवशी भाचा आणि सुनेसाठीही करू लागले. दोघं उभ्या उभ्या चहा पीत यांच्याशी पाच मिनिटं बोलायची, आणि त्या पाच मिनिटांसाठी हे आदल्या रात्रीच आलं किसून ठेवायचे. निघताना यांना सगळ्यांत वाईट कशाचं वाटलं असेल तर त्या सकाळच्या चहाचं. ठाण्याला परत आल्यावर ते सगळं विमानातच विसरलं.

गेल्या डिसेंबरात नणंदबाई पुन्हा आल्या. या वेळी मी रात्रीच त्यांना ट्रे दाखवला. त्या जरा बावरल्या, मग हसल्या. पहाटे पाचला मला जाग आली. हॉलमधला छोटा दिवा लागला, लायटरचा आवाज आला, पातेल्यात पाणी पडलं. उठावं की न उठावं या विचारात मी पडून राहिले. पाठीला अंथरूण अक्षरशः टोचत होतं. साखरेच्या डब्याचं झाकण खाली पडलं तेव्हा मी उठून बसले आणि पुन्हा आडवी झाले. तेवढ्यात आठवलं, गाळणी ट्रेमध्ये ठेवायची राहिली, ती सिंकवरच्या जाळीत कपांच्या मागे आहे. खोलीच्या दाराशी पावलं वाजली आणि नणंदबाईंनी हळू आवाजात, मला नव्हे, आपल्या भावाला विचारलं, "जागा आहेस का रे? गाळणी कुठे आहे?"

हे उशीवरून मान न उचलता म्हणाले, "मला काय माहीत!"